विश्लेषण : दारू तीच, मग गरिबाचाच बळी जास्त का?

विषारी दारू पिऊन एखाद्या वस्तीत पन्नास-शंभर माणसे दगावली की पहिल्या पानावर बातमी येते, अधिकारी निलंबित होतात, मदत जाहीर होते. पण काविळीने, पोटात पाणी होऊन, क्षयाने, रस्त्याकडेला पडून किंवा गळफास घेऊन दारूपायी जाणारी माणसे रोज एकेकटी जातात. त्यांची बातमी होत नाही. या दोन्ही याद्या समोर ठेवल्या तर एक गोष्ट सारखीच दिसते. त्यातली नावे बहुतेक कष्टकरी वस्त्यांतली, पाड्यांवरची, रोजंदारीवर जगणाऱ्यांची असतात. पिणारे मात्र समाजाच्या सगळ्याच थरांत आहेत. मग मरणाची वाटणी इतकी विषम का? हा प्रश्न ‘कशाला पितात?’ या एका वाक्यात निकालात काढण्याची आपल्याला सवय आहे. ती सवयच या मृत्यूंचे एक कारण आहे.

दारूबळींमधली विषमता किती मोठी?

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यपानामुळे झाले. एकूण मृत्यूंमध्ये हे प्रमाण ४.७ टक्के होते. बळींपैकी सुमारे २० लाख पुरुष होते. याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. प्यायलेल्या प्रत्येक लिटर मद्यामागे होणारे मृत्यू गरीब देशांत सर्वाधिक आणि श्रीमंत देशांत सर्वांत कमी आहेत. म्हणजे तेवढेच मद्य गरीब देशात अधिक जीव घेते.

देशादेशांमधली ही दरी एकाच देशाच्या आतही दिसते. स्कॉटलंडमध्ये मृत्यूंची नोंद वस्तीच्या आर्थिक स्तरानुसार ठेवली जाते, म्हणून तिथले चित्र स्पष्ट आहे. २०२३ मध्ये तिथे केवळ मद्यामुळे झालेले १,२७७ मृत्यू नोंदले गेले. सर्वांत वंचित वस्त्यांमधले मृत्यूचे प्रमाण सर्वांत संपन्न वस्त्यांच्या ४.५ पट होते. सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मोफत असलेल्या देशातले हे आकडे आहेत. आपल्याकडे अशी वस्तीनिहाय मोजणीच होत नाही.

गरीब जास्त पितात, म्हणून जास्त मरतात, एवढे सरळ नाही का?

यात अर्धे सत्य आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील १८.८ टक्के पुरुष मद्यपान करतात. शहरांत हे प्रमाण १६.५ टक्के, तर ग्रामीण भागात १९.९ टक्के आहे. अनुसूचित जमातींमध्ये ते इतर सामाजिक गटांपेक्षा जास्त आहे. म्हणजे आपल्याकडे गरीब थरांत पिणाऱ्यांचे प्रमाण काहीसे अधिक आहे, हे मान्य करायला हवे.

पण तेवढ्याने मृत्यूंमधली दरी समजत नाही. स्कॉटलंडमधील आरोग्य सर्वेक्षणांत सहभागी झालेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात संपन्न वस्तीतल्या माफक पिणाऱ्यांशी इतरांची तुलना केली होती. संपन्न वस्तीतल्या अतिमद्यपींना मद्यामुळे गंभीर आजार वा मृत्यू येण्याचा धोका सुमारे ६ पट निघाला. वंचित वस्तीतल्या अतिमद्यपींना तो सुमारे १० पट निघाला. किती पितात, धूम्रपान करतात का, वजन किती, या गोष्टी हिशेबात घेऊनही फरक पूर्णपणे पुसला गेला नाही. संशोधक याला ‘मद्यहानीचा विरोधाभास’ म्हणतात. पेल्यातली दारू तीच, पण ज्याच्या पोटात ती जाते त्याचे जगणे वेगळे, म्हणून परिणामही वेगळा.

मग तेवढ्याच दारूने गरीब जास्त का मरतो?

पहिले कारण, शरीराची स्थिती. जेवणासोबत किंवा भरल्या पोटी घेतलेले मद्य रक्तात हळू मिसळते. दिवसभर राबून उपाशी पोटी घाईघाईने रिचवलेली क्वार्टर थेट चढते. पोषण मुळातच कमी असेल तर यकृत लवकर हार मानते आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

दुसरे कारण, सोबतचे आजार. अतिमद्यपानामुळे क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोलीत राहणाऱ्या मद्यपीला क्षय गाठतो. मग दारूमुळे गोळ्या चुकतात आणि आजार बळावतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो.

तिसरे कारण, काम. नशा उतरली नसताना संगणकासमोर बसणाऱ्याचे फार तर काम चुकते. तीच अवस्था परांचीवर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला, थ्रेशरवर काम करणाऱ्या मजुराला किंवा पहाटे उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या तोडकऱ्याला जिवावर बेतते. काही कामे तर अशी आहेत की पिणे हाच ती सोसण्याचा मार्ग ठरतो. गटारात उतरणारे सफाई कामगार घाण सहन व्हावी म्हणून पितात, हे वर्षानुवर्षे सांगितले जात आहे.

चौथे कारण, उशीर. पोट फुगणे, पाय सुजणे, डोळे पिवळे होणे ही यकृत निकामी होत असल्याची उशिराची लक्षणे आहेत. नोकरीतल्या माणसाची रक्ततपासणी वार्षिक तपासणीत होऊन जाते आणि डॉक्टर वेळीच हटकतात. रोजंदारीवरचा माणूस रक्ताची उलटी झाल्यावर जिल्हा रुग्णालयात पोहोचतो. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, हे गणित त्यामागे असते. यकृत प्रत्यारोपणाचा खर्च लाखोंच्या घरात आहे. तो विचार या घरांत कुणी करतही नाही.

विषारी दारूचे बळी नेहमी त्याच वस्त्यांतले का?

डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीतील लक्ष्मीनगर, शंभरहून अधिक बळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये आसामातील गोलाघाट आणि जोरहाटमधील चहामळ्यांचे कामगार, दीडशेहून अधिक बळी. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची, साठहून अधिक बळी, त्यातले बरेचसे करुणापुरम या रोजंदारीवर जगणाऱ्या, प्रामुख्याने दलित वस्तीतले. या ठिकाणांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असले तरी वस्तीची जात एकच आहे.

कारण साधे आहे. कायदेशीर दारू परवडत नाही किंवा मिळत नाही, तेव्हा माणूस पिशवीतल्या, फुग्यातल्या बेकायदा दारूकडे वळतो. ती विकणारा नफा वाढवण्यासाठी आणि ‘कडक’ करण्यासाठी त्यात मिथेनॉल मिसळतो. रंग-रसायनांच्या कारखान्यांत लागणारे हे औद्योगिक रसायन दिसायला आणि वासाला दारूसारखेच असते. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. ते आधी डोळ्यांच्या नसांवर आणि मग एकूण शरीरावर घाला घालते.

यातली क्रूर गोष्ट म्हणजे हे मृत्यू टाळता येतात. मिथेनॉलची पूर्ण लक्षणे दिसायला अनेकदा बारा ते चोवीस तास लागतात. या वेळात रुग्ण रुग्णालयात आला, त्याला उतारा मिळाला आणि डायलिसिस झाले तर तो वाचू शकतो. पण सुरुवातीला हे सगळे नेहमीच्या ‘उतरणीसारखे’ वाटते. दारूबंदी असेल तर पोलिसांची भीती. जवळच्या रुग्णालयात डायलिसिसचे यंत्र नाही, असले तर एकदोनच. शंभर जण एका रात्रीत आले तर कोण पुरे पडणार?

न्यायाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. मालवणी प्रकरणात १४ आरोपींवर खटला चालला. नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये त्यातले चौघे दोषी ठरले आणि दहा जण सुटले. मिथेनॉल कारखान्यातून वस्तीपर्यंत कसे पोहोचते, ही साखळी प्रत्येक दुर्घटनेनंतर चर्चेत येते आणि काही महिन्यांत विसरली जाते.

दारूबंदीने ही दरी मिटते का?

दारूबंदीची मागणी करणाऱ्या बायांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. नवऱ्याची मजुरी घरी येण्याआधीच गुत्त्यावर संपते, मार खावा लागतो, पोरांची शाळा सुटते, हे त्या भोगत असतात. महाराष्ट्रात गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती अशाच लोकआंदोलनातून. वर्ध्यात ती त्याही आधीपासून आहे. चंद्रपूरमध्ये महिलांच्या मोठ्या मोर्चांनंतर एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली.

पण केवळ कायद्याने बंदी केली की गरिबाचा जीव वाचतो, असे दाखवणारा पुरावा कमकुवत आहे. बिहारमध्ये २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. तरीही वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात तिथले मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १५.५ टक्के निघाले. दुकाने उघडी असलेल्या महाराष्ट्रात ते १३.९ टक्के होते. डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक लोक मेले. गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून बंदी आहे. विषारी दारू विकून बळी घेणाऱ्यास फाशीची तरतूदही २००९ च्या दुर्घटनेनंतर तिथल्या कायद्यात आली. तरी जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक लोक दगावले.

बंदीतही विषमता असते. पैसेवाल्याला बाटली घरपोच मिळते, फक्त महाग पडते. गरिबाला मिळते ती हातभट्टीची किंवा भेसळीची, आणि पकडला जातो तोही तोच. बिहारमधील खटल्यांचा भार प्रामुख्याने गरिबांवर पडतो, असे निरीक्षण पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नोंदवले. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. व्यसनाधीन माणसाची तलफ आदेशाने थांबत नाही, हे त्या सात मृत्यूंनी सांगितले.

गडचिरोलीचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे २०१६ पासून ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला. गावोगावच्या संघटना, बेकायदा विक्रीवर कारवाई, जनजागृती आणि व्यसनींवर उपचार अशी चार कामे त्यात एकत्र आहेत. बंदीच्या कायद्याला या तीन गोष्टींची जोड लागते, नाहीतर तो फक्त गरिबाला गुन्हेगार ठरवतो.

किंमत वाढवली तर?

किमतीचा परिणाम मृत्यूंवर होतो, याचे दाखले परदेशात आहेत. फिनलंडने मार्च २००४ मध्ये मद्यावरील कर सरासरी एक तृतीयांशाने कमी केला. त्यानंतर मद्यबळी वाढले आणि ती वाढ प्रामुख्याने बेरोजगार आणि खालच्या आर्थिक थरांत झाली. उलट स्कॉटलंडने मे २०१८ पासून मद्याच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स दर ठरवला. २०२३ च्या मूल्यमापनानुसार केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी घटले आणि सर्वाधिक घट वंचित वस्त्यांत झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हा दर ६५ पेन्स करण्यात आला.

महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये दरवाढ केली. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशी दारूसाठी ८० रुपये, नव्याने आणलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’साठी १४८ रुपये आणि विदेशी मद्यासाठी २०५ रुपये ठरली. या निर्णयातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सरकारने सांगितले. किती जीव वाचतील, याचा अंदाज मात्र कुणी मांडला नाही. दरवाढ आरोग्याच्या विचारातून झाली नव्हती, याचा दुसरा पुरावा लागू नये.

स्कॉटलंडचा उपाय इथे जसाच्या तसा चालणार नाही. तिथे कायदेशीर दारू महागली तर पर्यायी हातभट्टी गल्लीत नसते. आपल्याकडे असते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. देशीची एक क्वार्टर म्हणजे त्यातला चौथा हिस्सा. किंमत आणखी वाढली की काही जण पिणे कमी करतील. पण जो व्यसनात पूर्ण अडकला आहे, तो घरातल्या धान्यात काटकसर करील किंवा स्वस्त हातभट्टीकडे जाईल. स्कॉटलंडमध्येही व्यसनाधीन झालेल्यांना किमान दराचा फारसा फायदा झाल्याचे दिसले नाही. म्हणून दरवाढीसोबत उपचार आणि हातभट्टीवर धाक, या दोन्ही गोष्टी नसतील तर दरवाढ म्हणजे गरिबाच्या व्यसनावर लावलेला कर ठरतो.

हे मृत्यू मोजले का जात नाहीत?

देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू साधारण २२ ते २३ टक्केच असतात. उरलेल्यांचे कारण ‘ताप’, ‘कावीळ’, ‘हृदय बंद पडले’ अशा शब्दांत विरून जाते. गावात घरी मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर तेवढेही लिहिले जात नाही.

शिवाय कुटुंबालाही कारण लपवावे लागते. अपघात विम्याच्या अटींत मद्याच्या अमलाखाली झालेला अपघात सहसा वगळलेला असतो. ‘दारू पिऊन गेला’ असे कागदावर आले तर बायको-पोरांची रक्कम बुडते. मग घरचे आणि कधी कधी डॉक्टरही गप्प राहतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

आत्महत्यांच्या नोंदींत थोडी कल्पना येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारी कामगारांच्या होत्या. सर्व व्यवसाय-गटांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. ६.८ टक्के आत्महत्यांमागे दारू वा अमली पदार्थांचे व्यसन हे कारण नोंदले आहे. ज्यांचे कारण ‘कौटुंबिक कलह’ किंवा ‘आजार’ असे लिहिले गेले, त्यांतल्या कितींच्या घरात दारू होती, हे त्या रकान्यातून कळत नाही.

मोजणी नसल्याचा परिणाम मदतीवरही होतो. कल्लाकुरिचीत मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर झाले. बिहारमध्ये ‘जो पिईल तो मरेल’ अशी भूमिका घेणाऱ्या सरकारला एप्रिल २०२३ मध्ये विषारी दारूच्या बळींच्या कुटुंबांसाठी ४ लाख रुपयांची मदत जाहीर करावी लागली. मदत मिळाली हे योग्यच झाले. पण कायदेशीर, करभरणा केलेली देशी वीस वर्षे पिऊन चाळिशीत यकृत गमावणाऱ्या मजुराच्या विधवेला काय मिळते? दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस गेल्यास मिळणारे एकरकमी २० हजार रुपये, तेही कागदपत्रे जुळली तर. एका मृत्यूत सरकार मदतीला धावते. दुसऱ्यात सरकारने वीस वर्षे कर घेतलेला असतो.

पिणाऱ्याची स्वतःची काही जबाबदारी नाही का?

आहे. बायकोवर हात उचलणाऱ्याला दारूचे निमित्त सांगून मोकळे करता येणार नाही. पण जबाबदारीची भाषा सर्वांना सारखी लावली जात नाही. मराठी मनावर व्यसनाचे सर्वांत गडद चित्र कोरले ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने, आणि त्याचा नायक सुधाकर वकील होता. त्याच्या पडझडीला आपण शोकांतिका म्हटले, त्याच्यासाठी हळहळलो. नाक्यावर पडलेल्या मजुराला मात्र ‘बेवडा’ म्हणून ओलांडून जातो.

संपन्न घरातला मद्यपी घसरला तर त्याला सावरणाऱ्या अनेक गोष्टी असतात. पगारी रजा, विमा, ओळखीचा डॉक्टर, खासगी व्यसनमुक्ती केंद्र, घर चालवू शकणारी कमावती बायको. गरीब मद्यपीला चूक दुरुस्त करण्याची संधीच मिळत नाही. दोघांचा दोष सारखा धरला तरी शिक्षा सारखी नाही, एवढाच मुद्दा आहे.

उपचार कोणाला मिळतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यातील ५ कोटी ७० लाख जणांचे पिणे घातक किंवा व्यसनाच्या पातळीवर आहे. व्यसनाधीनांपैकी ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेले १८० जणांमागे एक होते.

दारूचे व्यसन हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. त्यावर औषधे आहेत, समुपदेशनाच्या पद्धती आहेत. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या गटांनी हजारो माणसे उभी केली आहेत. पण महिनाभर दाखल राहायचे तर घर कोण चालवणार, या प्रश्नाचे उत्तर रोजंदारीवाल्याकडे नसते. मग तो देवाची माळ घालतो, गावठी औषध घेतो किंवा एके दिवशी शपथ घेऊन अचानक सोडतो. अनेक वर्षांचे अतिमद्यपान असे एकाएकी थांबवले तर फेफरे येऊ शकते, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. सोडण्यासाठीही डॉक्टर लागतो, हे गावात कुणी सांगत नाही.

मग करायचे काय?

मद्य हा सरकारी तिजोरीचा विषय होण्याला दीड शतक होत आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने स्थानिक गाळपावर बंधने आली आणि महसूल हाच धोरणाचा कणा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. तेव्हाचा वाद आजही तिथेच अडकला आहे. एका बाजूला महसूल, दुसऱ्या बाजूला नीती. मरणाऱ्या माणसाचा जीव वाचवणे ही तिसरी बाजू धोरणात आली पाहिजे.

एक, महसुलातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी बांधून द्यावा. जून २०२५ च्या दरवाढीतून अपेक्षित १४ हजार कोटींचे फक्त दोन टक्के धरले तरी २८० कोटी रुपये होतात. ३६ जिल्ह्यांत वाटले तर प्रत्येकाला पावणेआठ कोटींच्या आसपास. त्यातून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या चार-दोन खाटा, औषधे आणि एक समुपदेशक एवढे तरी उभे राहू शकते. दाखल असलेल्या रोजंदारी कामगाराला बुडीत मजुरीचा काही भाग दिला, तर तो उपचार अर्धवट टाकून पळणार नाही.

दोन, क्षयरोग आणि मद्यपानाचे उपचार एकाच ठिकाणी मिळावेत. क्षयाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या माणसाला दारूबद्दल नुसता उपदेश करून न थांबता तिथेच उपचार सुरू करता आले पाहिजेत.

तीन, विषारी दारूसाठी आपत्तीसारखी तयारी हवी. मिथेनॉलचा प्रत्येक लिटर कारखान्यातून कुठे गेला याचा हिशेब, जिल्हा रुग्णालयात उतारा आणि डायलिसिसची सोय, आणि रुग्ण म्हणून येणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही अशी जाहीर हमी. पहिल्या काही तासांत माणूस दाराशी येणे, यावरच बळींची संख्या ठरते.

चार, दुकान नको म्हणण्याचा अधिकार खरा करावा. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात दुकान बंद करायचे तर झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही, एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार-खासदार निवडताना आपण अशी अट घालत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या बायांची गैरहजेरी आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

पाच, मृत्यू मोजावेत. घरी झालेल्या मृत्यूचे कारण आशाताईंमार्फत कुटुंबाला विचारून ठरवण्याची पद्धत आहे, ती नियमित वापरावी. दारूचा उल्लेख आला म्हणून वारसांची मदत थांबणार नाही, असा नियम करावा. तरच खरे कारण कागदावर येईल. आणि दरवर्षी उत्पादन शुल्काचा महसूल जाहीर होतो, त्याच दिवशी त्या वर्षातले दारूबळी जिल्हानिहाय, व्यवसायनिहाय जाहीर व्हावेत.

यातली पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. महसूल आणि मृत्यू एकाच पानावर छापले गेले, तर अर्थसंकल्पाच्या दिवशी आमदारांना विचारायला एक साधा प्रश्न मिळेल: या पैशातला किती वाटा त्या घरांकडे परत गेला, जिथून तो आणि एक माणूस गेला?